डोपामीन आणि बक्षिसातून शिकणे

एखाद्या खुणेनंतर किंवा कृतीनंतर पदरात काय पडते, हे अनुभवाने ओळखून पुढचे वागणे बदलणे म्हणजे बक्षिसातून शिकणे. माणसासह सगळ्या सस्तन प्राण्यांत या शिकण्याचा महत्त्वाचा संकेत मध्यमेंदूतील डोपामीन पेशींकडून, म्हणजे डोपामीन या रसायनातून निरोप पाठवणाऱ्या चेतापेशींकडून, येतो. अपेक्षा किती होती आणि मिळाले किती, यांतला फरक हा संकेत सांगतो. त्याला ‘भाकीत-त्रुटी’ म्हणतात. डोपामीन म्हणजे ‘आनंदाचे रसायन’ ही रीलमधून गावोगाव पोचलेली समजूत त्यामुळे अर्धीकच्चीच आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांत डोपामीनच्या पेशी जेमतेम ४ ते ६ लाख. त्या मुख्यतः सब्स्टॅन्शिया नायग्रा आणि व्हेंट्रल टेगमेंटल एरिया या दोन ठिकाणी असतात. संख्या लहान असली तरी पसारा मोठा : एकेका पेशीचे धागे मेंदूच्या स्ट्रायटम या भागात लाखो चेतासंधींपर्यंत (दोन चेतापेशींमधल्या जोडांपर्यंत) जातात.

१९५४ मध्ये माँट्रिआलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना दिसले की, मेंदूच्या ठरावीक भागात विजेचा हलका झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हापुन्हा दांडी दाबत राहतात. डोपामीन हे स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. त्याबद्दल त्यांना २००० सालचे नोबेल विभागून मिळाले. खरा उलगडा मात्र स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत झाला. फळाचा रस अचानक मिळाला की डोपामीन पेशी एकदम जोरात पेटत. रसाआधी दर वेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही दिवसांनी पेशी दिव्याला पेटू लागल्या आणि रस मिळताना शांत राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या रसाच्या वेळेला त्या क्षणभर गप्प होत. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये याचा गणिती अर्थ मांडला. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी संगणकाला शिकवण्यासाठी जे सूत्र तयार केले होते, तेच या पेशींच्या वागण्याला लागू पडत होते.

माकड आणि दिव्याच्या जागी वऱ्हाडातला गुरांचा कोठा घेतला तरी हिशेब तोच राहतो. बाजारातून आणलेली नवी गाय पहिल्या संध्याकाळी बादलीच्या कडीच्या आवाजाकडे ढुंकूनही पाहत नाही. ढेप (सरकीची पेंड) तोंडाशी आली की मग पाहते. आठवड्याभरात मात्र अंगणात कडी वाजली की तिचे कान टवकारतात, दावे ताणले जाते, लाळ सुटते. सूत्र साधे आहे : नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + शिकण्याचा वेग × (मिळाले − अपेक्षा). ढेपेचे मोल १ आणि शिकण्याचा वेग ०.२ धरला, तर कडीच्या आवाजाची किंमत पहिल्या दिवशी ०.२, दुसऱ्या दिवशी ०.३६ आणि तिसऱ्या दिवशी ०.४९च्या आसपास होते. रोजची वाढ आदल्या दिवसापेक्षा कमी, कारण फरकच कमी होत जातो. फरक संपला की शिकणेही थांबते.

यातूनच एक चमत्कारिक गोष्ट निघते. कडीचा आवाज ओळखीचा झाल्यावर धन्याने रोज कडीसोबत घंटाही वाजवायला सुरुवात केली, तर पुढे नुसत्या घंटेला गाय फारशी दाद देत नाही. घंटा आणि ढेप रोज जोडीने आली खरी, पण ढेप येणार हे कडीने आधीच सांगितले होते; घंटेसाठी नवलाई उरलीच नव्हती. लिऑन कामिन यांनी १९६०च्या दशकात उंदरांत दाखवलेला हा ‘अवरोध’ २००१ मध्ये माकडांच्या डोपामीन पेशींतही दिसला. निव्वळ सवयीने किंवा घोकंपट्टीने शिकणे होते, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

पेशींच्या पातळीवर हे घडते स्ट्रायटममध्ये. डोपामीनची लाट आली की नुकत्याच जाग्या झालेल्या चेतासंधी बळकट होतात. ‘नुकत्याच’ हा शब्द मोजूनमापून घ्यायचा : २०१४ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांच्या मेंदूत ही मुदत ०.३ ते २ सेकंद इतकीच आढळली. नवा गोऱ्हा पहिल्यांदा जुवाला लावताना जाणता कास्तकार तो सरळ चालला की तिथल्या तिथे पाठीवर थाप देतो, संध्याकाळी ढेप जास्त घालण्यावर भिस्त ठेवत नाही. त्याला सेकंदांचे गणित कुणी शिकवलेले नसते.

माणसातला पुरावा २००६ चा आहे. लंडनमधल्या एका प्रयोगात डोपामीन वाढवणारे लेव्होडोपा घेतलेले लोक, त्याला अडवणारे हॅलोपेरिडॉल घेतलेल्यांपेक्षा, पैसे मिळवून देणारी खूण अधिक वेळा निवडू लागले. अपेक्षेचा हा नियम मनात ठेवला की कापसाच्या भावाची कुरकुरही वेगळी दिसते. सात हजारांची आशा धरून बंडी जिनिंगवर नेली आणि साडेसात मिळाले, तर घरी जिलबी येते. आठ हजार डोक्यात असताना तेच साडेसात हातात पडले, तर लुटल्यासारखे वाटते. अर्थात भाव पडल्याचे दुःख निव्वळ रसायनाचे म्हणणे हा चावटपणा होईल. उत्पादनखर्च आणि कर्ज खरेच असते.

सट्टापट्टीत, म्हणजे मटक्याच्या जुगारात, हीच यंत्रणा माणसाच्या अंगावर उलटते. शुल्ट्झ यांच्या गटाने २००३ मध्ये पाहिले की, बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल तेव्हा, खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत डोपामीन पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढत जाते. निकाल कधीच पूर्ण ओळखता येत नसल्याने फरकही कधी शून्यावर येत नाही. ओपन (पहिला आकडा) लागला आणि क्लोज (शेवटचा) एका आकड्याने हुकला की माणूस हरलेलाच असतो, पण थोडक्यात हुकलेल्या डावाने स्ट्रायटम जिंकल्यासारखा जागा होतो, असे २००९ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसले. पट्टी लिहिणाऱ्याला हे शोधनिबंध वाचावे लागत नाहीत.

कंपवातात सब्स्टॅन्शिया नायग्रातील डोपामीन पेशी मरत जातात. औषधाविना हे रुग्ण चुकांतून अधिक शिकतात, औषध चालू असताना बक्षिसांतून अधिक, असे २००४ मध्ये आढळले. डोपामीनची नक्कल करणाऱ्या काही औषधांनी थोड्या रुग्णांना जुगाराचा नाद लागतो, म्हणून ती सुरू करताना घरच्यांनाही तशी कल्पना द्यावी लागते. उपचारातले लेव्होडोपा कुंपणावर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही असते. त्याची मात्रा बीपरत्वे बदलते, त्यामुळे त्या घरी कुटून खाणे धोक्याचे.

भाकीत-त्रुटीने सगळे सुटले असे नाही. मेंदूसंशोधक केंट बेरिज यांच्या मते डोपामीन हवेसेपणा वाढवते, गोडी नव्हे : डोपामीन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे जात नाहीत, पण जिभेवर साखर ठेवली तर चवीने चाटतात. काही डोपामीन पेशी हालचालीला, काही नव्या किंवा भीतिदायक गोष्टींना प्रतिसाद देतात. २०२० मधील एका अभ्यासात उंदरांच्या वेगवेगळ्या पेशींची अपेक्षा वेगवेगळी दिसली, काही आशावादी तर काही निराशावादी. २०२२ मध्ये तर एका गटाने भाकिताऐवजी मागे वळून कारण शोधण्याचे पर्यायी सूत्र मांडले असून, दोन्हींपैकी कोणते माहितीशी अधिक जुळते यावर वाद चालू आहे.