दोन तास चौदा मिनिटं, पण कुठल्या हवेत?

मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी आम्ही चाळीतले सात-आठ जण पेडर रोडच्या चढाला जाऊन उभे राहतो. संत्र्याच्या फोडी, मिठाची पुडी आणि पाण्यात भिजवलेल्या स्पंजांची बादली एवढा सरंजाम असतो. परतीच्या वाटेवर, तीसहून जास्त किलोमीटर पायांखाली घालून आलेल्या माणसाला हा चढ दिसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे येतं ते बघवत नाही. म्हणूनच आम्ही तिथे उभे राहतो.

२१ जानेवारी २०२४ च्या रविवारी तिथेच उभं असताना मोबाइलवर बातमी आली. हाँगकाँगमध्ये त्याच सकाळी झालेली आशियाई मॅरेथॉन अजिंक्यपद स्पर्धा भारताच्या मान सिंगने जिंकली होती. वेळ २ तास १४ मिनिटं १९ सेकंद. मी ती मोठ्याने वाचून दाखवली, तर शेजारचे काका म्हणाले, "दोन तास चौदाला सुवर्ण? अहो, इथे आपल्या रस्त्यावर तो इथिओपियाचा दोन तास सातला येतो. आशियाई म्हणजे हलकीच स्पर्धा म्हणायची."

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग आधीच मान्य करतो. या स्पर्धेत आशियातले सगळे वेगवान धावपटू उतरत नाहीत. जपानच्या केंगो सुझुकीने २०२१ मध्ये बिवा सरोवराकाठी २:०४:५६ वेळ दिली होती. त्या तोडीचे जपानी धावपटू बहुतेक वेळा त्यांच्या देशातल्या किंवा युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींसाठी पाय राखून ठेवतात. पण उरलेला अर्धा भाग, म्हणजे दोन शहरांतले दोन आकडे शेजारी मांडून माणूस मोजणं, मला विज्ञानशिक्षक म्हणून आणि या खेळाचा वेडा म्हणूनही मान्य नाही. मॅरेथॉनची वेळ ज्या हवेत लागली ती हवा सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा राहतो.

आधी थोडा इतिहास. आशियातल्या देशांची पहिली मोठी मॅरेथॉन १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत झाली, आणि ती आपल्या छोटा सिंगने २:४२:५८ वेळेत जिंकली. कांस्यपदकही सुरत सिंग माथूरच्या रूपाने इथेच राहिलं. पुढे ही शर्यत आशियाई मैदानी स्पर्धांच्या कार्यक्रमातही आली. १९८५ ची जकार्त्यातली स्पर्धा आपल्याला पी. टी. उषाच्या पाच सुवर्णांसाठी आठवते, पण तिथेच आशा अगरवालने मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं होतं हे फारसं कुणाला आठवत नाही. १९८८ पासून मॅरेथॉनची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा वेगळी होऊ लागली. १९९२ मध्ये सुनीता गोदारा तिथली विजेती ठरली. भारतीय पुरुषाला मात्र २०१७ ची वाट पाहावी लागली. चीनमधल्या डोंगग्वानला वायनाडच्या गोपी थोनक्कलने २:१५:४८ मध्ये शर्यत जिंकली. मागे होता उझबेकिस्तानचा आंद्रे पेत्रोव्ह, फक्त तीन सेकंदांनी. त्या वेगाला तीन सेकंद म्हणजे साधारण साडेपंधरा मीटर. बेचाळीस किलोमीटर धावून दोघांत लोकलच्या एका डब्याएवढंही अंतर नव्हतं.

या गोपीचं आपल्या शहराशी नातं आहे. २०१६ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये तो पेसर म्हणून, म्हणजे दुसऱ्यांना वेग धरून देण्यासाठी उतरला होता. तो थांबलाच नाही. भारतीयांत दुसरा आला आणि रिओ ऑलिंपिकला पात्र ठरला. त्या दिवशी पहिल्या आलेल्या नितेंद्र सिंग रावतची वेळ होती २:१५:४८, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी गोपीला आशियाई विजेता करणारी सेकंदासकट तीच वेळ.

आता हवेकडे येऊ. माझ्या जिव्हाळ्याचा भाग हाच आहे.

माणूस धावतो तेव्हा त्याच्या इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा पायांच्या कामी येते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ढोबळ हिशेब असा, की एक किलो वजन एक किलोमीटर पळवायला सुमारे एक किलोकॅलरी लागते. साठ किलोच्या धावपटूला पूर्ण मॅरेथॉनसाठी अडीच हजार किलोकॅलरी लागल्या. सव्वादोन तासांत त्या जाळल्या, तर शरीरात तयार होणारी उष्णता भरते सुमारे एक हजार वॉट. घरातली इस्त्री साधारण एवढ्याच शक्तीची असते. ती इस्त्री पोटात घेऊन माणूस पळतोय असं समजा. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर शरीराचं तापमान दर साडेतीन मिनिटांना एक अंशाने चढेल. मरीन ड्राइव्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढी आहे, तेवढं अंतर कापेपर्यंत ते चाळिशी ओलांडेल आणि शर्यत संपेल.

तसं होत नाही, ते घामामुळे. एक ग्रॅम घाम त्वचेवरून वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. आमची सगळी मदार या एका आकड्यावर आहे. सगळे हजार वॉट घामानेच काढायचे म्हटले, तर तासाला दीड लिटर घाम वाफ व्हायला हवा. या वाक्यात 'वाफ व्हायला हवा' हे सर्वांत महत्त्वाचं. हनुवटीवरून टपटप गळणारा घाम जवळपास काहीच थंड करत नाही. तो नुसतं पाणी आणि मीठ घेऊन जातो.

माठाचं उदाहरण घ्या. विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार होतं, आणि त्याच महिन्यात मुंबईत तोच माठ कोमटाच्या थोडा अलीकडे राहतो. नागपूरचा पाहुणा इथे कूलर लावायचा सल्ला देतो, पण लावल्यावर खोली गार होण्याऐवजी ओलसर होते. जुलैत दांडीवर घातलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेच्या पट्टीला ओली लागते. माठ, कूलर, जीन्स आणि धावपटू, चौघांची अडचण एकच आहे. हवेत आधीच वाफ भरलेली असली, की नव्या वाफेला जागा कमी मिळते.

हे आकड्यांत बघू. पस्तीस अंशांच्या ओल्या त्वचेलगत वाफेचा दाब ५.६ किलोपास्कल असतो. नागपुरात मेच्या दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतल्या वाफेचा दाब १.६. फरक ४. मुंबईत त्याच दुपारी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला दाब ३.५ आणि फरक उरतो जेमतेम २.१. वाफ त्वचेकडून हवेकडे जाते ती या फरकाच्या जोरावर, म्हणून तापमान नऊ अंशांनी कमी असूनही मुंबईत घाम निम्म्याच ताकदीने सुकतो. जानेवारीच्या पहाटे २० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरा. टक्का मे महिन्यापेक्षा जास्त आहे, पण फरक येतो जवळपास ३.९. गार हवेचे ७५ टक्के आणि गरम हवेचे ७५ टक्के यांत मोठं अंतर आहे, ते यामुळे. बातम्यांतला नुसता आर्द्रतेचा टक्का ऐकून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

यात वाऱ्याचाही वाटा आहे. सव्वादोन तासांत मॅरेथॉन संपवणारा माणूस सेकंदाला पाच मीटरहून जास्त वेगाने धावतो, म्हणजे ताशी अठरा-एकोणीस किलोमीटरचा वारा तो स्वतःच तयार करतो. वीस अंशांच्या हवेत हा वारा घामाच्या मदतीशिवायच त्याच्या हजार वॉटांतले निम्मे काढून नेऊ शकतो. हवा तीस अंशांची झाली की हेच प्रमाण सहाव्या हिश्श्यावर येतं. आणि मागून तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर धावपटूच्या भोवतालची हवा स्तब्ध होते. पाठीमागचा वारा पायांना आवडतो, पण त्वचेला नाही.

घाम सुकेनासा झाला की हृदयावर दोन मागण्या येतात. स्नायूंना प्राणवायूसाठी रक्त हवं असतं आणि त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी. त्यात घामाने रक्तातलं पाणी घटलेलं असतं. म्हणून त्याच वेगाला नाडीचे ठोके वाढत जातात, आणि मेंदू शरीर धोक्याच्या तापमानाला पोचायच्या आधीच वेग उतरवू लागतो. धावपटूला वाटतं पाय जड झाले. खरं तर पायांचं रक्त कातडीने मागून घेतलेलं असतं.

या सगळ्याचा एकाच माणसावरचा पुरावा हवा असेल, तर जपानचा हिरोतो इनोउए बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये टोकियोच्या थंडीत त्याने २:०६:५४ वेळ दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बरोबर सहा महिन्यांनी, विषुववृत्तापासून सहा अंशांवरच्या जकार्त्यात तो आशियाई खेळांत धावला आणि जिंकला. वेळ २:१८:२२. दुसऱ्या आलेल्या बहरीनच्या एल अब्बासीचीही नेमकी तीच वेळ. माणूस तोच आणि अंतरही तेच, तरी साडेअकरा मिनिटांचा फरक. त्यातला काही भाग डावपेचांचा असणारच, कारण अजिंक्यपदाच्या शर्यतीत घड्याळापेक्षा शेजारचा माणूस महत्त्वाचा असतो. उरलेला भाग हवेचा.

आणि काकांचा तो इथिओपियाचा? हायले लेमीने मुंबईत २०२३ मध्ये २:०७:३२ चा विक्रम केला आणि २०२४ ला तो २:०७:५० मध्ये पुन्हा जिंकला. दुबईच्या गार जानेवारीत त्यानेच २०१६ मध्ये २:०४:३३ दिले होते. तीनेक मिनिटं त्यालाही मोजावी लागलीच. त्या २१ जानेवारीला मुंबईत भारतीयांत पहिला आलेल्या श्रीनू बुगथाची वेळ होती २:१७:२९ आणि गोपी दुसरा होता, २:१८:३७. लेमी आमच्यापेक्षा वेगवान आहे, त्यात वाद नाही. पण 'त्यांचं रक्तच वेगळं' असं म्हणून विषय मिटवणाऱ्यांनी उंचावरचं बालपण, लहान वयापासूनचं धावणं आणि तिथल्या सराव गटांमधली चुरस यांचा हिशेब आधी करावा.

बोलता बोलता आणखी एका गैरसमजाबद्दल, कारण तो जीवघेणा आहे. शिवाजी पार्कला भर एप्रिलमध्ये प्लास्टिकचं जाकीट घालून धावणारी माणसं मी पाहिली आहेत. घाम म्हणजे वितळलेली चरबी, घामातून शरीरातलं विष निघतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. घामात पाणी आणि मीठ असतं. विष काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. जाकीट घाम सुकू देत नाही, म्हणजे इस्त्री चालू ठेवून खोलीची खिडकी बंद करण्याचा हा प्रकार आहे. काट्यावर कमी दिसलेलं वजन दोन तांबे पाण्याने परत येतं, पण उष्माघात झालेला माणूस परत येईलच असं नाही. उलट टोकाचा सल्लाही तितकाच वाईट, म्हणजे तहान असो-नसो, दर टेबलाला पाणी ढोसा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं आढळलं होतं, आणि त्यातला मोठा दोष अतिरेकी पाणी पिण्याचा होता. ही जोखीम जास्त असते ती चार-पाच तास रस्त्यावर राहणाऱ्यांना.

शरीर उकाडा शिकतं, ही मात्र चांगली बातमी आहे. रोज तासभर उष्ण हवेत सराव केला, तर आठवडा-पंधरवड्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. अंगकाठीचाही फायदा असतो. उष्णता वजनाच्या प्रमाणात तयार होते आणि बाहेर पडते ती कातडीच्या क्षेत्रफळातून. लहान चणीच्या माणसाकडे किलोमागे कातडी जास्त, म्हणून उष्ण शर्यतींत पुढे बहुधा सडपातळ, बुटकी माणसंच दिसतात. आपल्याकडे तशी माणसं कमी नाहीत. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पला ऑलिंपिक मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तिथला मार्ग आजच्यापेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता आणि त्यांची वेळ होती २:५०:४५.

त्या रविवारी नवाच्या पुढे ऊन चढलं. चाळिशीतल्या एक बाई चढाच्या मध्यावर थांबल्या. काळ्या टी-शर्टवर खांद्यापासून कमरेपर्यंत मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. काकांनी संत्र्याची फोड पुढे केली. बाईंनी मान हलवली आणि बादलीकडे बोट दाखवलं. काकांनी दोन स्पंज काढून दिले. एक त्यांनी मानेवर पिळला, दुसरा दंडांवर फिरवला, आणि त्या केम्प्स कॉर्नरच्या दिशेने निघाल्या. काका त्यांच्या पाठीकडे बघत होते. वळणावर वारा समोरून येत होता आणि ओला टी-शर्ट फडफडत होता. काकांनी बादली उचलून रस्त्याच्या कडेला पुढे आणली आणि संत्री मागे सरकवली.