दिवे लख्ख, तरी इंजिन का फिरत नाही?

जुन्या पिकअपची किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं 'टक' झालं. हेडलाइट लावले तर लख्ख. मग बॅटरी चांगली, दोष सेल्फचा, म्हणजे इंजिन सुरू करताना ते फिरवणाऱ्या मोटारीचा, असं ठरतं आणि सेल्फ-मोटार उतरवली जाते. ही घाई मला पटत नाही.

दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर प्रवाह घेतात. थंड इंजिन फिरवताना सेल्फ सहज १५० अँपिअर ओढतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचून तिथे जेमतेम ०.०२ ओहम रोध तयार झालाय असं धरा. दिव्यांसाठी तिथे ०.२ व्होल्ट घटतात, डोळ्यांना कळतही नाही. सेल्फ मारला की ओहमच्या नियमाने त्याच थरात ३ व्होल्ट खर्ची पडतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट भार पडताच तसेही खाली येतात. त्यातून हे ३ गेल्यावर मोटारीला इंजिन फिरवण्याइतका जोर उरत नाही.

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारतानाच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटाला, दुसरी त्यावरच्याच क्लॅम्पला लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी किल्ली फिरवू द्या. आकडा शून्याजवळ राहायला हवा. मग ऋण खुंट ते इंजिनचा ब्लॉक असं मोजा. इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर अर्थची वायर (बॅटरीचं ऋण टोक इंजिन-बॉडीला जोडणारी) किंवा तिचा बोल्ट गंजलाय. टर्मिनल साफ करताना आधी ऋण बाजू सोडवा, नाहीतर पाना बॉडीला टेकून शॉर्ट होतो.

एकच 'टक' न येता भराभर 'टक-टक-टक' आलं, तर बहुधा बॅटरीच उतरलेली असते. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच, संपर्क जोडतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा जोडतो.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा पेट्रोल आणि ठिणगी तपासायची. पेट्रोलचं सोपं आहे. इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनर काढून कार्बोरेटरमध्ये (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) पाहा आणि ॲक्सिलरेटरचा दांडा ओढा. बारीक चिळकांडी उडाली म्हणजे पेट्रोल तिथवर पोचतंय.

ठिणगीतली एक खोड मात्र चकवते. सेल्फ मारताना इंजिन पेटतं, किल्ली सोडताच बंद पडतं. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी कॉइलची वीज यांत्रिक संपर्काने जोडतोड करणाऱ्या) कित्येक जुन्या गाड्यांत इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं, १२ व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालेल अशी बनवलेली असते आणि एरवी तिच्या वाटेत एक बॅलास्ट रोधक, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा रोधक, असतो. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज खचतं, म्हणून तेवढ्यापुरता हा रोधक वगळून कॉइलला थेट वीज मिळते. किल्ली सोडली की वीज पुन्हा रोधकातून जाते, आणि तो तुटलेला असेल तर ठिणगी संपते. किल्ली ऑन ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. एका बाजूला बॅटरीइतकं आणि कॉइलच्या बाजूला शून्य आलं, तर कॉइलला हात लावायची गरज नाही, फक्त रोधक बदला.