ट्रान्समिट पॉवरचा आकडा कुठे अडतो? वायफायच्या एका सेटिंगमागची पार्श्वभूमी

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर (राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून झालं की अनेकांचा हात आधी ट्रान्समिट पॉवरच्या रकान्याकडे जातो. ३० डीबीएम (रेडिओच्या शक्तीचं माप) निवडायचं, सेव्ह करायचं, आणि पान ताजं केलं की पुन्हा २०च दिसायचं. मग फर्मवेअरमध्ये बग असल्याची तक्रार होते. बहुतेक वेळा तो बग नसतो. त्या रकान्यात आपण भरतो ती नुसती मागणी. तिच्यावर तीन-चार कमाल मर्यादा बसलेल्या असतात आणि त्यांतली सगळ्यांत खालची लागू होते. या मर्यादा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भांडणांतून आल्या आहेत. कोणती कुठून आली हे माहीत असेल तर आपला आकडा कुणी कापला ते शोधायला वेळ लागत नाही.

सगळ्यांत जुनी मर्यादा कायद्याची. १९८५मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने काही फ्रिक्वेन्सी पट्टे स्प्रेड स्पेक्ट्रम (सिग्नल रुंद पट्ट्यात पसरवणाऱ्या) उपकरणांना विनापरवाना वापरायला दिले आणि कमाल शक्ती १ वॅट, म्हणजे ३० डीबीएम ठेवली. युरोपने २.४ गिगाहर्ट्‌झसाठी १०० मिलिवॅट, म्हणजे २० डीबीएम ठरवले. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं आहे. अमेरिकेत मोजमाप रेडिओच्या तोंडाशी होतं आणि वर ६ डेसिबलपर्यंतचा अँटेना चालतो. युरोपात मात्र अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती मोजतात. त्यामुळे तिथे ५ डेसिबलचा अँटेना लावला, तर रेडिओच्या वाट्याला १५च उरतात. मोठा अँटेना लावल्यावर पॉवर ‘आपोआप कमी झाली’ असं वाटतं, त्यामागे अनेकदा एवढीच वजाबाकी असते.

खुल्या फर्मवेअरची गोष्ट सुरू होते ती लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरपासून. तो २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स असल्याचं पुढच्या वर्षी उघड झालं आणि जीपीएल या लिनक्सच्या खुल्या परवान्यामुळे कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी आणि पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी उभं राहिलं. पण त्यातल्या ब्रॉडकॉम कंपनीच्या रेडिओचा ड्रायव्हर (रेडिओ चालवणारा कोड) बंदिस्त बायनरीच राहिला, म्हणजे त्याचा सोर्स कोड मिळाला नाही. बाकी सगळं उघडं आणि नेमका रेडिओ झाकलेला, असा तो प्रकार. डीडी-डब्ल्यूआरटीच्या रकान्यात २५१ मिलिवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे २४ डीबीएमपर्यंत आकडा भरता यायचा. अनेकांनी तो भरला आणि रेंज वाढल्याचं सांगितलं. माझ्या मते त्यातली बरीचशी वाढ मनातली होती. पॉवर दुप्पट झाली तरी फरक पडतो ३ डेसिबलचा, आणि मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट करायला ६ लागतात. अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे रेटलं की सिग्नल विकृत होऊन वेगवान दर आधी कोसळतात, ते वेगळंच. शिवाय समोरचा फोन काही जास्त जोराने उत्तर देत नाही. राउटरचं म्हणणं फोनला ऐकू जातं, फोनचं राउटरला जात नाही, आणि पट्ट्या पूर्ण दिसत असूनही पान उघडत नाही.

अथेरॉस या दुसऱ्या कंपनीच्या चिपांचा मार्ग निराळा होता. त्यांचा मॅडवायफाय ड्रायव्हर खुला, पण हार्डवेअरशी बोलणारा ‘हाल’ हा थर बायनरी. कारण असं दिलं जाई की, तो उघडला तर कुणीही बेकायदा फ्रिक्वेन्सी किंवा पॉवर लावेल. २००८मध्ये कंपनीने भूमिका बदलली, एटीएच९के हा पूर्ण खुला ड्रायव्हर दिला आणि हालचा कोडही सोडला. त्याच सुमारास लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, देशवार नियमांची यंत्रणा आली: कोणत्या देशात कोणता पट्टा, किती डीबीएम, कुठे रडार टाळायचं. या माहितीच्या फाइलवर डिजिटल सही असते. देश सांगितलाच नाही तर ‘००’ हा जागतिक कोड लागतो. त्यात सगळीकडे चालेल इतपतच मुभा असते. ३० मागून २० मिळण्याचं सर्वांत साधं कारण हेच.

त्याखाली आणखी एक थर आहे. कारखान्यात चिपच्या ईईप्रॉम या कायमस्वरूपी मेमरीत प्रदेशाचा कोड लिहिलेला असतो. आपण दुसरा देश निवडला की कर्नल दोन्हींचा छेद घेतो, म्हणजे दोघांनाही मान्य तेवढंच उरतं. देश बदलूनही कधीकधी पॉवर वाढत नाही, उलट घटते, ती इथे. ओपनडब्ल्यूआरटीने अथेरॉससाठी वापरकर्त्याच्या निवडीला मान देणारा पर्याय ठेवला. पुढच्या काही मार्व्हेल चिपच्या राउटरांत मात्र कारखान्यातला कोडच शेवटचा शब्द ठरला. देश बोलिव्हिया ठेवा, ३० मिळतील, ही युक्ती मध्यंतरी फार फिरली. ती कायदेशीर नव्हतीच, आणि कॅलिब्रेशनपुढे (कारखान्यात रेडिओ मोजून नोंदवलेल्या मर्यादांपुढे) अनेकदा फोलही ठरली.

नियामकांचा हात घट्ट झाला तो ५ गिगाहर्ट्‌झमुळे. ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झमध्ये अमेरिकेतल्या विमानतळांची हवामान रडारं चालतात. २००९च्या सुमारास पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या रडारवर वायरलेस उपकरणांचा व्यत्यय आढळला. मार्च २०१५मध्ये एफसीसीच्या मार्गदर्शक कागदात उत्पादकांना चक्क डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव घेऊन विचारलं गेलं, की असं फर्मवेअर टाकता येऊ नये म्हणून तुम्ही काय केलंत? गदारोळ झाला. इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ यांच्यासह २६०हून अधिक तज्ज्ञांनी विरोध नोंदवला आणि नोव्हेंबरमध्ये तो उल्लेख वगळला गेला. २०१६मध्ये टीपी-लिंकने २ लाख डॉलर भरून तडजोड केली. तिचे काही राउटर देशाचा कोड बदलून २.४ गिगाहर्ट्‌झवर मर्यादेबाहेर जात होते. त्याच तडजोडीत खुल्या फर्मवेअरला वाव देण्याचा प्रयत्न करण्याचंही कंपनीने मान्य केलं. दंड पॉवरच्या चुकीबद्दल आणि अट खुलेपणाची, हा शेवट कुणाला अपेक्षित नसावा.

शेवटचा थर कायद्याचा नाही, त्या एका राउटरचा आहे. प्रत्येक नगाचं कॅलिब्रेशन फ्लॅश मेमरीच्या वेगळ्या विभागात असतं. अथेरॉसच्या राउटरांत त्याचं नाव सहसा ‘आर्ट’, मीडियाटेकमध्ये ‘फॅक्टरी’. नवं फर्मवेअर टाकताना हा विभाग पुसला गेला किंवा दुसऱ्या नगाचा आणून बसवला, तर देश बरोबर असूनही पॉवर पडते, आणि कोणतीही सेटिंग ती परत आणत नाही. म्हणून तपास वरून खाली करावा. राउटरच्या कमांड लाइनवर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने लागू देश पाहावा, मग ‘आयडब्ल्यू लिस्ट’मध्ये प्रत्येक चॅनलसमोरचा कमाल आकडा. त्याच देशात चॅनल ३६ आणि १००च्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. कित्येकदा नुसता चॅनल बदलून प्रश्न मिटतो.

दिसणारा आकडाही दर वेळी खरा नसतो. काही युबिक्विटी उपकरणांत चिपनंतर वेगळा अँप्लिफायर आहे. चिप सांगते त्यात ठरावीक डेसिबल मिळवावे लागतात, म्हणून ओपनडब्ल्यूआरटीतली ‘आयडब्ल्यूइन्फो’ ही कमांड त्या उपकरणांसाठी ऑफसेट, म्हणजे मिळवायचा फरक, वेगळा दाखवते. मीडियाटेकच्या एमटी७९२१ या चिपवर अनेकांना कायम ३ डीबीएम दिसले, रेडिओ मात्र नीट चालत होता. तेव्हा आकड्यावर विसंबण्याआधी थोड्या अंतरावरच्या लॅपटॉपवर मिळणारा सिग्नल सेटिंग बदलण्यापूर्वी आणि नंतर, त्याच जागी मोजून पाहावा. तो ३ डेसिबलही हलला नाही, तर आपली मागणी रेडिओपर्यंत पोहोचलेलीच नाही असं धरून वरचे थर पुन्हा तपासायला घ्यावेत.