विहिरीत टाकलेला क्लोरीन घागरीपर्यंत पोचतो का?

पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर गावविहिरीचे पाणी गढूळ होते आणि पुढच्या काही आठवड्यांत जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचे रुग्ण दवाखान्यात दिसू लागतात. उघड्यावरची घाण, उकिरडे आणि गळक्या शौचखड्ड्यांतले पाणी विहिरीत उतरते, हे त्याचे कारण. पुढे गाळ तळाशी बसून पाणी नितळ दिसू लागते, पण जंतू त्यात असतातच. तुरटी फिरवल्याने गाळाबरोबर काही जंतू खाली जातात, तरी तेवढ्याने पाणी पिण्याजोगे होत नाही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारा क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर, टाकतो ती याचसाठी. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 28 हजार लिटर भरते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपयोगी क्लोरीन असतो; हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम धरले, तर इथे 70 ग्रॅम पावडर लागते. गढूळ पाण्याला त्याहून जास्त लागते, कारण त्यातले सेंद्रिय पदार्थ बराचसा क्लोरीन आधीच संपवतात. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी, वर-खाली हलवावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास पाणी शेंदू नये. पावडरीचे पोते दमट खोलीत उघडे पडले असेल, तर क्लोरीन उडून गेलेला असतो आणि ही सारी मेहनत वाया जाते.

म्हणूनच पावडर किती टाकली यापेक्षा क्लोरीन किती उरला, हे मला अधिक मोलाचे वाटते. गावातल्या शेवटच्या नळाच्या पाण्यातही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा. ओटी चाचणीत ऑर्थोटोल्युडिन या रसायनाचे थेंब टाकल्यावर पाण्याला येणारी पिवळी छटा त्याची खूण असते. पुरवठा बंद असताना रिकाम्या पाइपात फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी शिरते, तेव्हा हा उरलेला क्लोरीनच थोडाफार बचाव करतो. टाकीजवळच्या नळाची चाचणी करून वहीत नोंद केली, तर टोकाच्या वस्तीची स्थिती कळत नाही.

क्लोरीनलाही मर्यादा आहेत. 1955-56 साली दिल्लीत यमुनेचे सांडपाणीमिश्रित पाणी वजिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिरले आणि काविळीचे सुमारे 29 हजार रुग्ण झाले. क्लोरीनची मात्रा वाढवलेली होती. विषमज्वर आणि आमांशाची साथ आली नाही, काविळीचा विषाणू मात्र तगला. हिपॅटायटिस ई असे आज आपण त्या आजाराला म्हणतो, आणि गरोदर स्त्रीला तो जिवावर बेततो. अशा वेळी घरी पाणी खळखळ उकळणे हाच भरवशाचा उपाय आहे.

उकळलेले पाणी पुन्हा दूषित होते ते बहुधा हातांमुळे. आमांशाच्या शिगेला जंतूंपैकी शंभराहून कमी जंतूही आजाराला पुरेसे ठरू शकतात; बाळाची शी धुतलेल्या हाताची बोटे बुडवून हंड्यातून पेला भरला, तर तेवढे जंतू सहज पाण्यात जातात. त्यासाठी हंड्यावर झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे, आणि शौचानंतर व स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे, एवढे प्रत्येक घरात रोज व्हायला हवे.