विमानतळावरून फोर्टात यायचं म्हणजे मधे माहीमची खाडी

भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून सगळीकडे एकच चर्चा, विमानतळाच्या टी२ टर्मिनलवरून थेट सीएसएमटी, चर्चगेट, ट्रॅफिकची कटकट नाही. आनंद मलाही आहे, खूप आहे. पण हे एवढं साधं काम व्हायला २०२५ साल का उजाडावं लागलं हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की सारखी एकच गोष्ट आडवी येते, माहीमची खाडी.

मूळ मुंबई म्हणजे बेटं. फोर्ट, काळबादेवी, गिरगाव हे सगळं दक्षिणेच्या टोकाला, आणि विमान उतरवायला लागते ती मोकळी सपाट जागा खाडीच्या पलीकडे, साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या बेटावर. १९२८ मध्ये जुहूला एरोड्रोम सुरू झालं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते तिथेच. पण जुहूची जमीन पावसाळ्यात चिखल व्हायची, त्या दिवसांत टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा. मग सांताक्रूझचा विमानतळ आला, दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाने वापरला आणि युद्ध संपल्यावर प्रवासी विमानं तिकडे गेली. म्हणजे जुहू काय, सांताक्रूझ काय, पुढे सहार काय, सगळं खाडीच्या उत्तरेलाच. फोर्टपासून साधारण पंचवीस किलोमीटर, आणि खाडी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

ती माहीमला ओलांडायची पहिली पक्की सोय विमानांच्या कितीतरी आधीची आहे, अगदी रेल्वेच्याही आधीची. माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरून जाणारा बांधीव रस्ता, १८४५ ला खुला झाला. त्याआधी होडीने जायचं आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडायची. सरकार खर्चाला तयार नव्हतं तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतःचे दिले आणि अट घातली की या रस्त्यावर लोकांकडून टोल घ्यायचा नाही. माहीमचा एल जे रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, त्यांच्याच नावाचा. रोज हजारो लोक एल जे रोड एल जे रोड म्हणतात पण ही बाई कोण हे किती जणांना ठाऊक असेल, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पुढची शंभर दीडशे वर्षं रस्त्याने पश्चिम उपनगरातून शहरात यायचं ते मुख्यतः याच वाटेने. दुसरी वाट सायनवरून, ती लांबची. लोकल होतीच, चर्चगेटची लाइन १९२८ लाच इलेक्ट्रिकवर गेली, आणि विलेपार्ले स्टेशन तर सांताक्रूझच्या टर्मिनलपासून जवळच. पण दोन मोठ्या बॅगा घेऊन सकाळी नऊच्या चर्चगेट फास्टमध्ये चढून दाखवा.

सहारचं इंटरनॅशनल टर्मिनल आलं १९८० च्या दशकात. १९७९ मध्ये सांताक्रूझला आग लागून जुन्या टर्मिनलचं मोठं नुकसान झालं होतं, त्यामुळे नव्याची निकड जास्तच वाढली. आता परदेशी विमानांचं असं की ती बरीचशी रात्री उतरतात, आणि रात्री साधारण एक ते चार लोकल बंद, मग उरते फक्त टॅक्सी. आमचे मामा गल्फमध्ये होते, ते यायचे तेव्हा आम्ही गिरगावातून त्यांना आणायला जायचो, रात्री बाराला निघायचो आणि परत यायला पहाटेचे चार. काळीपिवळी पद्मिनी, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर नायलॉनच्या दोरीने आवळलेलं खोकं आणि खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात मामांचं नाव आणि गावचा पत्ता, मुक्काम पोस्ट तालुका जिल्हा सगळं. मीटर बॉनेटच्या डाव्या बाजूला बाहेर, त्यावर दिसणारा आकडा म्हणजे खरं भाडं नव्हेच, तो रेट कार्डवर बघून गुणाकार करायचा आणि वर मध्यरात्रीचा जादा दर. माहीम आलं की आई म्हणायची काचा वर करा, खाडीचा वास यायचा. तो वास आला की आम्हा पोरांना कळायचं, आता मुंबईत शिरलो.

ही नुसती आठवण नाहीये. रिक्षाचंच बघा ना. खाडीच्या दक्षिणेला ऑटोरिक्षाला परमिटच नाही, वांद्र्यापर्यंत रिक्षा आणि पुढे टॅक्सी, तिकडे सायनलाही तेच. म्हणजे सहारला उतरलेला माणूस रिक्षाने अंधेरीला, कुर्ल्याला कुठेही जाईल पण दादरला थेट नाही. शहर आणि उपनगर ही हद्द आजही खाडीवरच आखलेली आहे.

नव्वदच्या दशकात युती सरकारच्या वेळी पन्नासच्या वर उड्डाणपूल बांधायला घेतले, १९९६ मध्ये त्यासाठी एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, काढली, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरचे सिग्नल कमी झाले. पण हायवे कितीही पळाला तरी माहीमला येऊन कोंडायचाच. म्हणून वांद्रे-वरळी सी लिंक, ५.६ किलोमीटर. वाद झाले, वरळीच्या कोळी बांधवांचा विरोध होता, मुदती उलटत गेल्या आणि शेवटी ३० जून २००९ ला उद्घाटन झालं. त्यावर टोल आहे आणि टू व्हीलर, रिक्षा चालत नाहीत. अवाबाईंनी घातलेली अट मला इथे नेहमी आठवते.

मधे २६ जुलै २००५ पण येऊन गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी फुगली, विमानतळ बंद, रेल्वे बंद, रस्ते पाण्यात. ही मिठी धावपट्टीच्या बाजूनेच वाहत येते आणि माहीमच्या खाडीला मिळते, म्हणजे विमानतळ आणि खाडी हे नातं नकाशावरही तेवढंच जवळचं आहे. त्या रात्री लोक हायवेवरून रांगा लावून चालत घरी गेले.

२०१४ मध्ये सहारला नवीन टी२ सुरू झालं, हायवेवरून थेट टर्मिनलला जाणारा सहार एलिव्हेटेड रोड त्याच वेळी, आणि जूनमध्ये मेट्रो वन. तिच्यावर एअरपोर्ट रोड नावाचं स्टेशन आहे, पण तिथे उतरून टर्मिनल गाठायला परत रिक्षा करावी लागते, नाव वाचून कित्येक जण फसले. शिवाय ती लाइन वर्सोवा ते घाटकोपर, पूर्व-पश्चिम, फोर्टच्या दिशेला जातच नाही.

मग मेट्रो थ्री, हीच ती भुयारी मेट्रो. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आरेचं सोडलं तर सगळी जमिनीखाली. २०१७ च्या शेवटी बोगदे खणायला सुरुवात झाली. आरेच्या कारशेडवरून केवढं रान पेटलं होतं, ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली, ती जखम अजून ओली आहे. आणि आमच्या गिरगाव-काळबादेवीत स्टेशनांसाठी जुन्या इमारती गेल्या, पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांना पुनर्वसनाची वाट बघत बाहेर राहावं लागलं. आज टी२ वरून कोणी गार गाडीत बसून काळबादेवीला उतरतो तेव्हा ती जागा कुणाच्या घराची होती हे विसरता कामा नये असं मला मनापासून वाटतं.

लाइन तुकड्या तुकड्याने सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि त्याच महिन्यात पहिल्या मोठ्या पावसात त्या स्टेशनात पाणी शिरलं. मग ऑक्टोबर २०२५ ला कफ परेडपर्यंत पूर्ण. सांताक्रूझच्या टी१ ला स्टेशन, सहारच्या टी२ ला स्टेशन. बीकेसी ते धारावी गाडी मिठीच्या पात्राखालून जाते. ना वास, ना कॉजवे, ना टोल, वरून नदी चाललीय हे कळतसुद्धा नाही. पूर्ण लाइनचं जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये.

गाडीवाल्यांसाठी २०२४ पासून कोस्टल रोडही आहे, सी लिंकवरून सरळ मरीन ड्राइव्ह. आणि आता उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात. तिथून फोर्टला यायचं तर अटल सेतू, म्हणजे परत पाणी ओलांडणं आलंच, या वेळी खाडीच्या जागी अख्खा बंदराचा समुद्र, एकूण २१.८ किलोमीटर आणि त्यावर टोल.

एक गोष्ट मात्र अजून राहिली आहे. मेट्रो थ्रीची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास निघते, आणि गल्फची विमानं आजही मध्यरात्रीच उतरतात. दोरीने बांधलेलं खोकं घेऊन बाहेर आलेल्या माणसाला अजूनही टॅक्सीच बघावी लागते. निदान पहाटेपर्यंत अर्ध्या तासाला एक बस टी२ वरून दादरमार्गे सीएसएमटीला सोडा, रस्ते तर तेव्हा रिकामेच असतात.