खानावळीची वही: आजीच्या त्र्याण्णव वर्षांची पार्श्वभूमी

गेल्या पौषात आमची आजी वयाच्या ९३व्या वर्षी गेली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, पुठ्ठा निघालेली एक लांबट वही सापडली. आजीला लिहिता येत नव्हते. त्यामुळे पानोपानी वडिलांच्या शाळकरी अक्षरात एकेक नाव आणि त्याखाली तिने स्वतः ओढलेल्या उभ्या रेघा आहेत. जेवणाला एक रेघ, खाड्याला टिंब. लालबागच्या चाळीत एका खोलीत तिने चालवलेल्या खानावळीचा हा हिशेब आहे. मात्र या रेघांचे मूळ तिच्या जन्माच्याही आधीच्या काळात आहे.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे रत्नागिरी, सातारा या भागांतून माणसे गिरण्यांत येऊ लागली. बायकामुले गावी शेताच्या तुकड्यावर राहत आणि पुरुष परळ-लालबागच्या गाळ्यांत दाटीने दिवस काढत. एका पाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा पाठ टेके. तिथे चूल मांडायला ना जागा होती, ना सवड. गिरण्यांत बायकाही होत्या, पण रात्रपाळीची बंदी, १९२९ चा मुंबई इलाख्यातील प्रसूतिलाभ कायदा आणि नवी यंत्रे यांमुळे मालकांना त्या महाग वाटू लागल्या व त्यांची संख्या घटत गेली. ज्या बाईला हजेरीपटावर जागा उरली नाही, तिने घरी स्टोव्ह पेटवून त्याच गिरणीच्या कामगारांना जेवू घातले, आणि माझ्या मते हेही गिरणीचेच काम होते.

आजोबा बदलीवाले होते. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले. म्हणून आजीने गावातल्याच चौघांना जेवायला घेतले आणि पुढे ते पंधरा झाले. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी भाकऱ्या तयार असत. सगळे तिला मावशी म्हणत. पैसे मात्र पगार झाल्यावरच हाती येत, तोवर वाणी उधारीवर आणि वाण्याची उधारी सावकारावर चाले. १९७३-७४ च्या संपात अशा बायकांनी कामगारांना उधारीवर जगवले, हे कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी जवळून पाहिले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांनी एकमेकींना जामीन राहायचे आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज घ्यायचे, ही त्याची रीत होती. आजीनेही ते घेतले. सावकाराकडची बोरमाळ सोडवून आणली तो दिवस तिला शेवटपर्यंत आठवत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. वहीत त्यानंतरही रेघा आहेत, काही पानांवर पाच-पाच महिन्यांच्या, आणि त्यांच्यापुढे जमा काहीच नाही. हळूहळू माणसे गावी परतली, बऱ्याच गिरण्या कायमच्या बंद झाल्या. आजीने कोणाच्याही दारात वसुलीला माणूस धाडला नाही. पुढे कितीतरी वर्षे शिमग्यानंतर कोकणातून कुणाच्या ना कुणाच्या हाती कुळथाची पिशवी किंवा आमसुले येत. ती घेऊन आलेल्याला आजी आधी जेवायला बसवी आणि मग, पाठवणाऱ्याचे नाव ऐकले की, वडिलांना वहीतले ते पान काढायला सांगे.