पावडरीत आखूड फळी नाक का खुपसते?

काश्मिरातल्या गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या अंगावर, साधारण 3,950 मीटर उंचीवर संपतो. डिसेंबरच्या 21 तारखेला काश्मिरात ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, सुरू होतो. त्या चाळीस दिवसांत पश्चिमेकडून बर्फ घेऊन येणारी वादळं, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, एकामागून एक आले, की इथं जे पडतं त्याला स्कीवाले ‘पावडर’ म्हणतात. ताज्या पावडरीचं वजन घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो, म्हणजे दहातले नऊ भाग नुसती हवा. अशा बर्फावर स्कीबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांना एकेक अशा मीटरभर लांबीच्या आखूड स्की, घालून उतरलेला माणूस बऱ्याचदा पहिल्याच वळणावर तोंडघशी पडतो. ‘फळ्या छोट्या, म्हणून रुतल्या’ हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण अर्धंच बरोबर आहे.

आधी रुतण्याचा हिशेब करू. बूट, कपडे आणि पिशवी धरून माणूस 85 किलोचा समजा. नुसत्या बुटांवर उभा राहिला तर दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ जेमतेम 500 चौ. सेंमी. दर चौ. सेंमीवर 170 ग्रॅम भार येतो आणि पाय मांडीपर्यंत जातो. चिखलणी झालेल्या खाचरात उतरल्यासारखंच. पावडरसाठीच्या 180 सेंमी लांब आणि सरासरी 11.5 सेंमी रुंद स्कीच्या जोडीवर हाच भार 20 ग्रॅमवर येतो. नेहमीच्या, दाबून सपाट केलेल्या उतारांसाठीची 165 सेंमीची अरुंद स्की घेतली तर साधारण 30. आणि 99 सेंमी लांब, सरासरी साडेबारा सेंमी रुंद स्कीबोर्ड? 34.

म्हणजे रुंद स्कीबोर्ड आणि साधी स्की यांच्यात रुतण्याच्या बाबतीत फारसा फरक नाही. तरीही नाक खुपसतो तो स्कीबोर्डच. कारण तिथं प्रश्न पुढेमागे डुलण्याचा असतो.

फळीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जरासं खाली झुकलं की त्याखालचा बर्फ दाबला जातो आणि नाकाला परत वर ढकलतो. हा आधार किती मिळेल, ते तीन गोष्टींवर ठरतं: नाकाकडच्या भागाचं क्षेत्रफळ, तेवढ्याच झुकावाला टोक किती खोल जातं, आणि ते टोक बुटापासून किती लांब आहे. लांबी निम्मी केली की तिन्ही एकदम निम्म्या होतात आणि आधार उरतो एक अष्टमांश. रुंदी मात्र या हिशेबात एकदाच येते. म्हणून वरच्या दोन फळ्यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं असूनही, 99 सेंमीच्या रुंद फळीला 165 सेंमीच्या अरुंद स्कीच्या जेमतेम एक तृतीयांश आधार मिळतो. 180 सेंमीच्या पावडर स्कीशी तुलना केली तर पाचवा हिस्सासुद्धा नाही. रुंदी वाढवून तरंगणं विकत घेता येतं, तोल घेता येत नाही.

लांबीच्या घनाचा हाच नियम उलट बाजूने कामाला येतो तो झाडीत. फळी आडवी फिरवायला लागणारा जोरही लांबीच्या घनानेच घटतो, कारण आखूड फळी हलकीही असते. भोजपत्र आणि देवदारांच्या दाट गर्दीत लांब स्कीवाला वळण आधीच ठरवून ठेवतो. स्कीबोर्डवाला बुंधा समोर आल्यावर वळला तरी चालतं.

वेग आला की चित्र थोडं बदलतं. बर्फ आता नुसता दाबला जात नाही, तो फळीखालून मागे फेकला जातो आणि फळी पाण्यावरच्या स्पीडबोटीसारखी वर उचलली जाते. ही उचल क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. क्षेत्रफळ निम्मं असेल तर तेवढ्याच उचलीला सुमारे 1.4 पट वेग हवा. शिवाय बर्फात अडकलेली हवा क्षणभर दाबली जाऊन उशीसारखी टेकू देते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधल्या शेल्डन वाइनबाम यांनी 2000 साली सहकाऱ्याबरोबर याचं गणित मांडलं. गंमत म्हणजे केशवाहिनीच्या मऊ अस्तरावरून घसरणारी तांबडी रक्तपेशी आणि पावडरीवरून घसरणारा माणूस, दोघांनाही त्यांनी एकाच समीकरणात बसवलं होतं. ही हवा कडेने निसटते. फळी रुंद असली की तिला निसटायला वेळ लागतो.

आता स्कीबोर्डच न्यायचे असतील तर काय करायचं ते. बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला जखडणारी पकड, मधल्या खुणेच्या 2 ते 3 सेंमी मागे बसवा. तेवढीच नाकाची लांबी वाढते. दोन्ही फळ्या जवळ ठेवून भार सारखा वाटा. एका पायावर भार गेला की तो पाय खाली जातो आणि दुसरा पुढे पळतो. एक पाऊल अर्ध्या बुटाएवढं पुढे ठेवा. पुढची फळी नाक, मागची शेपूट, आणि दोन्ही मिळून एक लांब फळी होते. सगळ्यात जास्त फरक पडतो तो याने. भार टाचेकडे किंचित घ्या, पण खुर्चीत बसल्यासारखं मागे झुकू नका. मांड्या दोन मिनिटांत पेटतात आणि फळ्या पुढे निसटतात. ब्रेक लावत उतरू नका, वेग गेला की उचल गेली. 25 ते 28 अंशांचा उतार चांगला. त्याहून सपाट जागी फळी अडखळते, तर 30 च्या पुढे हिमस्खलनाचा पट्टा सुरू होतो. बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायला मदत करणारं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं कुठल्याही उताराला लागतंच, आणि ते वापरता येणारा सोबतीही.

पुष्कळ स्कीबोर्डांची बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाहीत, आणि याबाबत आमचं मत ठाम आहे: पावडरीत ती नकोतच. रुतलेली फळी जागीच राहते आणि शरीर पिळलं जातं. अशा बाइंडिंगमुळे गुडघ्यापेक्षा नडगीचं हाड मोडण्याचा धोका जास्त. हिमस्खलनात तर न सुटणारी फळी नांगरासारखी खाली ओढते. मध्ये उंचवटा देणारी पट्टी बसवून नेहमीची सुटणारी बाइंडिंग लावता येतात. वजन वाढतं, ते सोसावं.

सुटणाऱ्या बाइंडिंगची किंमत अशी, की फळी बर्फाखाली गडप होऊ शकते. शोधताना लोक पडल्या जागेच्या खाली खणतात. फळी बहुधा वर असते, जिथं सुटली तिथं. माणूस पुढे घरंगळलेला असतो. काठी उताराला आडवी, सुरीसारखी फिरवत खालून वर जा. बाइंडिंगला दीड-दोन मीटर भडक फीत बांधून पँटच्या पायात खोचली असेल तर हा व्याप वाचतो.

आणि काठ्या न्याच, रुंद चकतीच्या. स्कीबोर्डवाले त्या हौसेने घरी ठेवतात, पण अफरवाटवरून गुलमर्गखालच्या बाबारेशी गावाकडे उतरताना शेवटी रान सपाट होत जातं. तिथं लांब स्कीवाला काठ्या मारत सरकत राहतो. आखूड फळी थांबते, थांबली की रुतते, आणि मग गुडघाभर बर्फातून पायी जावं लागतं.